अक्का, तू आत गेलीस

अक्का, तू स्लॅबखाली गेलीस. चौदावं झालं, पाहुणे आपापल्या गावी गेले, मांडव निघाला, तरी माझ्या डोक्यातून हे एवढं एक वाक्य जात नाही. भूकंपानंतर जी बाई कधी आपणहून स्लॅबखाली पाठ टेकायला तयार झाली नाही, भर वैशाखात पत्र्याच्या शेडात भाजत पडली पण शेजारच्या पक्क्या घरात एकटी गेली नाही, ती त्या दुपारी आपल्या पायांनी उठून त्या घरात गेली, खाटेवर आडवी झाली आणि उठलीच नाही. दाजी उठवायला गेले तेव्हा तू दाराकडे तोंड करून पडली होतीस. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं. लोक म्हणाले, सुखानं गेली, कुणाकडून पाणीसुद्धा मागून घेतलं नाही. मी मान हलवत राहिले. झोपेत गेलीस की भीतीनं गेलीस? एवढं एक सांग, मग मी गप्प बसते.

माफी मागायला बसले नाही, हे आधीच सांगते. 'आत जा, आत जा' हे माझंच टुमणं होतं, आणि तू आज परत येऊन त्या पत्र्याखाली बसलीस तर मी परत तेच सुरू करीन. दुपारी त्या शेडात हात वर केला तर पत्र्याची धग तळव्याला लागायची. लातूरच्या डॉक्टरांनी तुझ्यादेखत सांगितलं होतं की हे हृदय आता ऊन सोसणार नाही. मग मी काय टाळ्या वाजवायच्या होत्या? पण खरं म्हणशील तर मी भांडायला तरी कुणाशी भांडू? तू अर्ध्यात उठून गेलीस. भांडणात तुझी ही खोड लहानपणापासूनची आहे.

आणि आता प्रश्न तुझा राहिलाच नाही, दाजींचा झालाय. ते त्याच शेडात आहेत. जेवण पुढं ठेवलं तर जेवतात, नाही ठेवलं तर मागत नाहीत. बालाजी त्यांना लातूरला आपल्या फ्लॅटवर न्यायचं म्हणतो, तिसऱ्या मजल्यावर. दाजी हो म्हणत नाहीत, नाही म्हणत नाहीत. तुझ्या लेकानं हे काम माझ्या गळ्यात घातलंय. म्हणाला, 'मावशी, आईनं शेवटी तुझंच ऐकलं. बाबा बी ऐकतील. तूच सांग त्यांना.' त्या पोरानं किती सरळ मनानं म्हटलं आणि ते मला कुठं जाऊन लागलं, हे त्याला कळलंसुद्धा नाही.

आपण दोघी मुखेडकडच्या एकाच घरातल्या, एकाच आईच्या, मध्ये दोन वर्षांचं अंतर. तेच पुढं आलेले दात, तीच रुंद पावलं, तोच तापट डोक्याचा वारसा. तुला किल्लारीला दिलं, मला नांदेडला. चाळिशी उलटली तशी लोक मला तुझी लेक समजायला लागले. आठवतं, लातूरच्या दवाखान्यात केस पेपर काढणाऱ्या बाईनं मला विचारलं होतं, 'आई का तुमच्या?' मी भडकले. तू पदर तोंडाला लावून हसलीस. म्हणालीस, 'हाव, म्याच पैदा केली हिला. लई तरास दिला, अजून बी देती.' आणि बाहेर आल्यावर मलाच कोपरानं ढोसलंस, 'तरणी दिसून राहिलीस म्हन की त्या बाईला. मग तोंड का वाकडं करतीस?'

मला आनंद कसा व्हावा गं? आईच्या पोटातून आपण दोघींनी एकच माल आणला होता. मग तुझ्या गुडघ्यांना माझ्याआधी एवढी वर्षं काय झालं? तुझे केस, तुझी पाठ, काही पडलं की दचकून उभं राहणं, ती कधीच पुरी न होणारी झोप, हे कुठून आलं? नांदेडला धरणाजवळ विष्णुपुरीच्या कॉलेजात मी लायब्ररीत नोकरी केली, तिथं हाताला लागेल ते वाचायची. माणूस कुठं राहतं, कुणासोबत राहतं, किती भितं, यावर त्याचं म्हातारपण ठरतं, असलं वाचलं की लगेच तुला फोन. भीतीची सवय लागली की शरीर नुसतं बसल्या जागी झिजतं अक्का, असं मी तावातावानं समजवायची. तू सगळं ऐकून घ्यायचीस आणि शेवटी म्हणायचीस, 'मीठ कमी खा म्हन शोभे. तेवढं जमंल.' अन् तेवढंही जमवलं नाहीस. आंब्याच्या लोणच्याची बरणी तू माझ्यापासून धान्याच्या पोत्यामागं लपवायचीस, मला काय माहीत नव्हतं?

माझ्या फिरायला जाण्याची तर तू टर उडवायचीस. मी धरणाच्या रस्त्यानं सकाळी पायात बूट घालून भरभर चालते, हे तू एकदा नांदेडला आलीस तेव्हा बघितलंस आणि सगळ्या किल्लारीला सांगितलंस की आमच्या शोभेच्या मागं रोज कुत्रं लागतं. तुमच्या घरांच्या ओळीतल्या बायका मला भेटल्या की अजून विचारतात, 'काय बाई, कुत्रं लागतंय का अजून?'

भूकंपाचं मात्र तू बोलली नाहीस. आम्हाला माहीत होतं ते एवढंच, की विसर्जन बघून आल्यावर तू आणि दाजी अंगणात पडला होतात म्हणून वाचलात. सासूबाई आत होत्या आणि त्यांच्या कुशीत चिमी होती. चिमी तुझी पहिली. बालाजी नंतरचा. दगडामातीची रुंद भिंत आणि वर मातीचं जड माळवद, त्यातून कोण वाचणार? पुढं नवं गाव बसलं. सरळ रस्ते, ओळीनं घरं, वर स्लॅब. कितीही हादरलं तरी ही घरं पडायची नाहीत, असं साहेब लोक सांगून गेले. मग तुम्ही काय केलंत? त्या पक्क्या घरात सोयाबीनची आणि हरभऱ्याची पोती रचलीत आणि बाजूला पत्र्याचं शेड मारून स्वतः त्यात राहिलात. तुमच्या ओळीत कितीतरी घरांची हीच तऱ्हा. धान्य पक्क्यात, माणूस पत्र्यात. नवा माणूस बघून हसायचा. मीही हसले होते आणि तू मला तिथंच गप्प केलं होतंस. 'पत्रा पडला तर खोक पडंल शोभे. ते पडलं तर माणूस हुडकावं लागतंय.'

तुला नांदेडला आणायचा प्रयोगही मी करून बघितला. दुसऱ्या मजल्यावरचं आमचं घर, खाली बाग, धरणाकडून येणारं गार वारं. वाटलं, बाईची तब्येत सुधारेल. आमच्या बिल्डिंगमध्ये पाणी चढवायची मोटार सकाळी सुरू झाली की फरशीला थोडी थरथर येते. आम्हाला ती कधी जाणवली नव्हती. मोटार सुरू झाली की तू खाली, गेटजवळ, अनवाणी. वॉचमनला आधी वाटलं तू फिरायला निघतेस. नंतर तो तुझ्यासाठी खुर्ची टाकून ठेवायला लागला. आमच्या ह्यांनी मोटारीजवळ नेऊन तुला सगळं दाखवलं, बटण तुझ्या हातानं दाबायला लावलं. तू दाबलंस, मोटार सुरू झाली, आणि तू स्वतःच सुरू केलेल्या मोटारीला भिऊन बाहेर पळालीस. मग बाहेर उभी राहून हसलीस आणि हसता हसता तुला घाम फुटला. डोक्याला सगळं कळत होतं तुझ्या, पायांना कळत नव्हतं. बीपी मोजलं तर किल्लारीपेक्षा जास्त. गार वारं, साधं जेवण, वेळेवर गोळ्या, सगळं देऊन जास्त. त्या आठवड्यात मीच तुला एस.टी.त बसवून दिलं आणि तू खिडकीतून म्हणालीस, 'चिडू नको गं. तुझं घर लई मजबूत हाय. माझंच काळीज कच्चं हाय.'

रुक्मिणबाईचंही मी तुझ्याशी कधी नीट बोलले नाही. जुन्या गावात तुमची भिंतीला भिंत, नव्या गावात तिचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला. एवढी वर्षं तू रोज ते टोक गाठायचीस, नाहीतर ती यायची. मग तिनं कुणाशी तरी बोलणं करून तुमच्या मागच्या ओळीत घर घेतलं. त्या काळात तुझी साखर बरी होती, गुडघेही कमी कुरकुरायचे, आणि मी खुशाल त्याचं श्रेय माझ्या फोनला देत होते. ती वारली आणि तुझं सगळं बिघडलं. गोळ्या त्याच, डॉक्टर तोच, लोणचंही तेवढंच. तेव्हा तू म्हणाली होतीस, 'बोलायला कुणी ऱ्हायलं न्हाई बघ. दिस लई लांब झाला.' मी म्हटलं, अक्का, गोळी घेतली का? राग येतो मला, नुसता माझाच नाही, सगळ्याच शहाणपणाचा. गोळी विचारता येते, दिवस केवढा लांब झाला ते कसं विचारायचं हे कुणी शिकवत नाही.

या उन्हाळ्यात मात्र मी ठरवून आले, बॅग भरून. दाजींनी आणि मी मिळून पक्क्या घरातली पोती एका खोलीत हलवली, पुढच्या खोलीत खाट टाकली, कूलर आणला. तू शेडाच्या दारात बसून बघत होतीस आणि मधूनमधून शेरे मारत होतीस. 'लगीन हाय का कुणाचं?' आणि मग आपला करार झाला. फक्त दुपारी, उन्हाच्या वेळी. खाट दाराशी. दार सताड उघडं. आणि मी उंबऱ्यावर बसायचं, वाऱ्यानं दार लोटलं जाऊ नये म्हणून त्याला पाय लावून.

लोक रस्त्यानं जाताना बघायचे. कूलर आतून जीव तोडून वारं फेकतोय आणि दार उघडं ठेवून दोन बाया रस्ता गार करून राहिल्यात. आपण किती बोललो गं त्या दुपारी. आईच्या हातची आंबाडीची भाजी, मुखेडच्या बाजारात तू हरवली होतीस ते, मामाच्या लग्नात माझ्या अंगावर सांडलेली कढी. पहिले काही दिवस तू खाटेच्या काठावर बसायचीस, पाय जमिनीवर, पळायच्या तयारीत. मग हळूहळू पाय वर घेतलेस. एका दुपारी उशी मागितलीस. मी काही बोलले नाही, बोलले असते तर तू उठून गेली असतीस.

आणि त्याच दुपारी, छताकडे बघत, तू ते सांगितलंस. 'चिमी अंगनातच झोपली हुती माझ्यापाशी. डास चावाया लागले. म्याच म्हनले, आजीपाशी जा, आत जा.' एवढंच. आवाज चढला नाही, रडली नाहीस. कूलर तेवढा चालू होता. मी दाराला पाय लावून बसलेली. वर्षानुवर्षं रोज फोनवर मी तुला काय म्हणत आले होते? कुठले शब्द? मला उठून पळावंसं वाटलं. म्हटलं, 'अक्का, चल, शेडात जाऊ. मला नव्हतं माहीत.' तू मान माझ्याकडे वळवलीस. 'बस की. ज्याला माया असती त्योच म्हनतो गं, आत जा. दुसरं कोन म्हनतंय? तू म्हनती म्हनून तर आले. म्या बी तसंच म्हनले हुते. वाईट मनानं न्हाई म्हनले.'

हे तू मला सांगत होतीस, की चिमीला, की स्वतःला? तेव्हा विचारायला हवं होतं, पण तुझा डोळा लागत होता. मी त्या दुपारी उंबऱ्यावर बसून तुझ्याकडे बघत राहिले. तोंड थोडं उघडं, कपाळावरच्या आठ्या सुटलेल्या. पहिल्यांदा तू माझी आई नाही, माझी दोन वर्षांनी मोठी बहीण दिसत होतीस.

मग इकडं ह्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं आणि मी नांदेडला आले. निघताना तुला म्हटलं, मी येईपर्यंत शेडात दुपारी ओली चादर टांग, पाणी पी. आत जा, असं म्हटलं नाही. आता ते शब्द माझ्या तोंडातून निघेनात. आणि तू, मी सांगत होते तेव्हा वर्षानुवर्षं न ऐकणारी, मी सांगायचं थांबवल्यावर एकटी आत गेलीस. दाराला पाय लावायला कुणी नसताना. त्यामुळंच माझं डोकं फिरलंय. धीर आला म्हणून गेलीस, की अंगात काही व्हायला लागलं म्हणून गेलीस? पडल्यावर छताकडे बघून पुन्हा ते सगळं अंगावर आलं का तुझ्या? कुणाला तरी हाक मारलीस का? मी स्वयंपाक करताना हेच, चालताना हेच. धरणाच्या रस्त्यावर परवा मधेच थांबले आणि आले तशी परत फिरले.

काल परत किल्लारीला गेले, संध्याकाळी दाजी शेडासमोर बाजेवर बसले होते. मी मनात सगळं जुळवून गेले होते. लातूरचा फ्लॅट कसा हवेशीर आहे, नातू आहे, दवाखाना जवळ आहे. म्हटलं, 'दाजी, बालाजी काय म्हणतोय ते कानावर आलं ना?'

'आलं. लेकरू चांगलं हाय. वाईट कशाला म्हनंल?'

'मग जायचं का?'

'गेलतो की मागं. झोप लागत न्हाई तिथं.'

'मग इथं पक्क्या घरात तरी...' ते वाक्य मी तिथंच सोडलं. विचारलं, 'इथं शेडात लागते का झोप?'

'न्हाई.'

मी चमकले. मला वाटत होतं, तुझ्यासारखंच त्यांचंही असणार. तुम्हा दोघांना पत्र्याखालीच झोप येते, असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो. म्हटलं, 'एवढी वर्षं तर लागत होती?'

'मस लागायची.' दाजी हातातल्या टॉवेलची घडी घालत आणि मोडत होते. 'मला पत्र्याचं काय बी न्हवतं शोभा. मी पक्क्यात बी झोपलो असतो. तुझी अक्का हितं, म्हनून मी हितं. ती घोरायची न्हवं? तिचं घोरनं कानावर आलं की कळायचं, आता हिचा जीव निवांत हाय. मंग माझा डोळा लागायचा. ती जागी असंल तवर मी जागा. आता कान लावून पडतो. काय बी येत न्हाई.'

 ते पुढं म्हणाले, माझ्याकडे न बघता. 'त्या दिशी बी दुपारी मी हितं शेडात पडलो हुतो. ती म्हनली, उकडून राहिलं, मी जाते जरा आत. मी बघत ऱ्हायलो, कव्हा परत येती म्हनून. तर पक्क्यातून घोरनं ऐकू आलं. स्लॅबखाली, एकटी, आन् घोरून राहिली. मला लई बरं वाटलं बघ. म्हनलं, सुटली बाई. ऐकता ऐकता माझा बी डोळा लागला. उठलो तवा आवाज न्हवता. वाटलं, जागी झाली असंल. म्हनून च्या ठेवला चुलीवर.'

अक्का, मी तिथंच खाली बसले. तू गेल्यापासून नीट रडले नव्हते, काल रडले. दाजी गोंधळले, त्यांना कळेना ते काय चुकीचं बोलले. मला म्हणाले, 'तू शिकलेली हायस. बालाजीला मी न्हाई म्हनत न्हाई. तूच सांग, मी कुठं झोपू?'

मी डोळे पुसले आणि त्यांच्यासमोरच बालाजीला फोन लावला. म्हटलं, फ्लॅटचं मागाहून बघू. आधी तू गाठोडं घेऊन इकडं ये आणि थोडे दिवस बाबांजवळ झोप. तो गडबडला. म्हणाला, 'कुठं मावशी? शेडात का पक्क्यात?'

'कुठंही झोप रे,' मी म्हटलं, 'पण बाबांना ऐकू येईल असा झोप.'